दुसऱ्या सीझनला समोरचे बसून खेळायला लागले की ४-२-३-१ मोडायचं का?

कोपऱ्यावरचा_झेंडा (धागाकर्ता)

एफएम २४ (फुटबॉल मॅनेजर, संघ चालवायचा कॉम्प्युटर गेम) मध्ये एफसी गोवा घेऊन सेव्ह चालू आहे. पहिल्या सीझनला ४-२-३-१ (बचावापासून पुढे मोजलेली मांडणी) वर लीग शील्ड (गुणतक्त्यात पहिलं आल्याची) आली. दुसऱ्या सीझनला फातोर्ड्यात, म्हणजे घरच्या मैदानावर, येणारा जवळजवळ प्रत्येक संघ ५-४-१ लावून स्वतःच्या बॉक्सच्या तोंडाशी बसायला लागला. चेंडू आपल्याकडे, शॉट्स आपले, आणि निकाल ०-०. नाहीतर त्यांना मिळालेल्या एकुलत्या एका कॉर्नरवर ०-१. हे खूप जणांच्या सेव्हमध्ये होतं. क्लबची रेप्युटेशन वाढली की गेममधले बाकीचे मॅनेजर आपल्याला वरचढ समजून सावध खेळतात, त्यात गूढ काही नाही.

यावर ज्याला विचाराल तो एकच उपाय सांगतो: ४-२-३-१ सगळ्यांनी ओळखलंय, आता ३-५-२ कर. मला हा उपाय साफ चुकीचा वाटतो.

एफएम २४ मध्ये टॅक्टिक्स स्क्रीनवर जे फॉर्मेशन दिसतं ती चेंडू नसतानाची मांडणी असते. चेंडू मिळाल्यावर कोण कुठे धावणार हे रोल (खेळाडूला दिलेलं काम) आणि ड्यूटी (डिफेंड, सपोर्ट की अटॅक) ठरवतात. आपलं घोडं पेंड कुठे खातंय? चेंडू आपल्या पायात असताना. मग चेंडू नसतानाची मांडणी मोडून काय साधणार?

हायलाइट्स सोडून अख्खी मॅच बघा, मग कळतं. डावा इनसाइड फॉरवर्ड चेंडू घेऊन आत येतो. उजवा इनसाइड फॉरवर्ड आधीच आत आलेला. नंबर १० ला शॅडो स्ट्रायकर केलंय, तो स्ट्रायकरच्या खांद्याला खांदा लावून उभा. म्हणजे आपली चार माणसं एका ओळीत, त्यांच्या पाच जणांच्या मधोमध. उजवीकडे साइडलाइनजवळ पंधरा यार्ड गवत मोकळं आणि तिथे आपलं कुणी नाही. चेंडू फिरून मागे डीप-लाइंग प्लेमेकरकडे येतो, तो तीस यार्डांवरून मारतो, गोलकीक.

यात बदल एवढेच केले. उजव्या इनसाइड फॉरवर्डचा साधा विंगर, म्हणजे तो रेषेला चिकटून राहील. त्याच्यामागचा फुलबॅक (बाजूचा बचावपटू) डिफेंड ड्यूटीवर. डावा विंगबॅक (वर धावणारा फुलबॅक) अटॅकवर. शॅडो स्ट्रायकरच्या जागी सपोर्टवरचा अटॅकिंग मिडफिल्डर. दोन डिफेन्सिव्ह मिडफिल्डरपैकी उजव्याला सेगुंदो व्होलांटे (मागून धावत वर जाणारा मिडफिल्डर), अटॅकवर. आता चेंडू आपल्याकडे आला की मागे दोन सेंटर बॅक आणि उजवा फुलबॅक असे तिघे, त्यांच्यापुढे एक मिडफिल्डर, बाकी सहा जण वर. व्होलांटे उशिरा बॉक्समध्ये शिरतो आणि त्याला मार्क करायला कुणी मोकळाच नसतो. ३-५-२ मधून जे हवं होतं ते ४-२-३-१ मध्येच मिळालं, आणि बचावाची घडी तीच राहिली.

मडगावचा_दिनू

चार जण एका ओळीत उभे राहतात हे निरीक्षण अगदी बरोबर. उपाय मात्र गळी उतरत नाही.

तुमच्या मांडणीत मागे तिसरा कोण? फुलबॅक. तो सेंटर बॅक नव्हे. बसून खेळणारा संघ गोल कसा करतो? लांब चेंडू, उंच स्ट्रायकर, हेडर, दुसरा चेंडू. तो स्ट्रायकर तुमच्या दोन सेंटर बॅकना सोडून मुद्दाम त्या फुलबॅकवर जाऊन उभा राहतो. जंपिंग रीच ९ आणि हेडिंग ८ (२० पैकी) असलेला पोरगा तिथे काय करणार? तिसरा खरा सेंटर बॅक असेल तर हा धोका मुळातूनच जातो.

शिवाय तुम्ही आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) आहात. मैदानावर एका वेळी चारच परदेशी. ४-२-३-१ मध्ये ते चार कुठे जातात हे ठरलेलं असतं: एक सेंटर बॅक, एक डिफेन्सिव्ह मिडफिल्डर, नंबर १० आणि स्ट्रायकर. संपले. तीन सेंटर बॅक लावले की तिघे भारतीय एकमेकांना सांभाळून घेतात, मागची परदेशी जागा मोकळी होते आणि तिथे दुसरा स्ट्रायकर घेता येतो. पाच जणांच्या बचावाला दोन स्ट्रायकर जेवढे जड जातात तेवढा तुमचा व्होलांटे जाणार नाही. विंगबॅकची चिंता नको, चांगल्या भारतीय खेळाडूंमध्ये बाजूने पळणारे भरपूर आहेत. मंदार राव देसाई विंगर होता, प्रशिक्षक लोबेराने गोव्यात त्याचा लेफ्ट बॅक केला.

निळा_शर्ट_ठाणे

दिनूंना +१. खऱ्या फुटबॉलमधलं उदाहरण देतो. २४ सप्टेंबर २०१६, आर्सेनलच्या मैदानावर चेल्सी मध्यंतरालाच ०-३ ने मागे. दुसऱ्या हाफमध्ये त्यांचा मॅनेजर कॉन्टेने फाब्रेगासला बाहेर काढलं, अलोन्सोला आत आणलं आणि तीन जणांचा बचाव केला. मॅच हरलीच, पण पुढच्या आठवड्यात हलविरुद्ध ३-४-३ ने सुरुवात केली आणि लीगमध्ये सलग १३ विजय मिळवले. सीझनअखेर ९३ गुण आणि विजेतेपद.

संघ बहुतांशी तोच होता. अझपिलिक्वेटा फुलबॅकचा सेंटर बॅक झाला, मोझेस विंगरचा विंगबॅक झाला. फॉर्मेशन बदलल्यामुळेच या दोघांना योग्य जागा सापडली. धागाकर्ते म्हणतात तसं रोल बदलत बसला असता तर मोझेस बाकावरच राहिला असता.

कोपऱ्यावरचा_झेंडा

कॉन्टेचं उदाहरण येणार हे अपेक्षित होतं. तीन जणांचा बचाव त्याला नवा नव्हता. युव्हेन्टसमध्ये आणि इटलीच्या संघात तो वर्षानुवर्षं तेच खेळवत आला होता. आणि चेल्सीचं दुखणं त्या दिवशी बचावातलं होतं, तीन गोल खाल्ले होते. चेंडू नसतानाची मांडणी बिघडलेली असेल तर जरूर बदला, मी नाही म्हणतच नाही. आपल्याला गोल करता येत नाहीत. रोग वेगळा, औषध वेगळं.

आता दुसरं उदाहरण बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमोरिम मँचेस्टर युनायटेडला मॅनेजर म्हणून आला आणि चालू सीझनमध्ये तीन सेंटर बॅकची पद्धत आणली. स्पोर्टिंगमध्ये त्याच पद्धतीवर त्याने पोर्तुगालची लीग दोनदा जिंकली होती. युनायटेड ४२ गुणांवर १५ व्या स्थानी संपलं. विंगबॅक म्हणून खेळतील अशी माणसंच संघात नव्हती.

मंदारचं म्हणाल तर तो लेफ्ट बॅक झाला तो ४-२-३-१ मध्येच! लोबेराने त्याची जागा बदलली, पण त्यासाठी फॉर्मेशन मोडलं नाही. माझं म्हणणं याहून वेगळं काय आहे?

निळा_शर्ट_ठाणे

अमोरिम तुमच्या बाजूचा कसा? एकाच फॉर्मेशनला चिकटून राहिला आणि खेळाडू त्यात बसले नाहीत, ही त्याची कथा. हटून बसण्याचा परिणाम काय होतो ते त्यातून दिसतं.

सांताक्रूझ_ईस्ट

लोबेराचा विषय निघालाच आहे तर तो पूर्ण बोलू, कारण या वादातलं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच दोन राज्यांमधलं आहे.

२०२० मध्ये तो गोव्याहून मुंबई सिटीकडे गेला. ४-२-३-१ सोबत नेलं. पहिल्याच सीझनला, म्हणजे २०२०-२१ ला, शील्ड आणि ट्रॉफी (फायनल जिंकल्याची) दोन्ही. त्या वर्षी कोव्हिडमुळे अख्खी लीग गोव्यात बंद स्टेडियममध्ये झाली, त्यामुळे मुंबईने ट्रॉफी उचलली ती फातोर्ड्याला. फायनलमध्ये बिपिन सिंगने ९० व्या मिनिटाला विजयी गोल केला होता, आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

पण त्याने नुसतं फॉर्मेशन नेलं का? जाहू, मोर्तादा फॉल, बूमूस आणि मंदार, हे चौघेही गोव्याहून मुंबईला आले. मागून पहिला पास देणारा जाहू, पुढे तो घेऊन वळणारा बूमूस, कॉर्नरला फॉल. फॉर्मेशन म्हणजे ही माणसं होती. जाहू काढा आणि त्याच चौकटीत दुसरा कुणी धावणारा मिडफिल्डर ठेवा, आकडे तेच राहतील पण संघ तो राहणार नाही.

म्हणून गेममध्ये मी आधी फॉर्मेशन निवडतच नाही. संघातले चार उत्तम खेळाडू बघायचे, त्यांना कुठे चेंडू मिळाला तर ते आनंदात असतात ते बघायचं आणि बाकी सात जण त्यांच्याभोवती लावायचे. धागाकर्त्यांनी व्होलांटे ठरवला, पण तो खेळणार कोण हे सांगितलंच नाही.

एक्सेल_पाटील

रोल, ड्यूटी, फॉर्मेशन यांचा फरक थोडा असतो. पेस आणि ॲक्सिलरेशन १५ च्या वर असलेले खेळाडू सगळीकडे लावा, तयार गेगेनप्रेस (चेंडू गमावताच तुटून पडायची पद्धत) निवडा, लीग जिंकाल.

सांताक्रूझ_ईस्ट

पाटीलसाहेब, समोरचा संघ मोकळा खेळत असेल तर वेग चालतो. तो बॉक्समध्ये बसला की पळायला जागाच उरत नाही, धागा नेमका त्याच परिस्थितीबद्दल आहे.

जुना_हाफबॅक

माझं वय या धाग्यावर बहुधा सगळ्यात जास्त असेल. चॅम्पियनशिप मॅनेजरच्या दिवसांपासून हे गेम खेळतोय, तेव्हा मैदानावर फक्त नावं आणि मजकूर दिसायचा.

धागाकर्त्यांची बाजू मला पटते आणि तिला जुना आधार आहे. २५ नोव्हेंबर १९५३, वेम्बली, हंगेरी ६, इंग्लंड ३. कागदावर दोन्ही संघांची मांडणी ओळखीचीच होती. हंगेरीने एकच माणूस हलवला: सेंटर फॉरवर्ड हिदेगकुटी पुढे उभा न राहता मागे येऊन खेळला. इंग्लंडचा सेंटर हाफ हॅरी जॉन्स्टन पेचात पडला. त्याच्यामागे जावं तर बचावाच्या मधोमध भगदाड, न जावं तर हिदेगकुटी मोकळा. हिदेगकुटीने तीन गोल केले. हलवलेला माणूस एक, पण पेच समोरच्या अख्ख्या बचावाला पडला. म्हणून बदल करताना आपली आकृती कशी दिसते यापेक्षा समोरच्या कुणाला निर्णय घ्यायला लागतोय हे बघावं. दिनूंच्या ३-५-२ मधले दोन स्ट्रायकर तीन सेंटर बॅकच्या ताब्यात आयते जातात, एक शिल्लकही उरतो. त्यांना कसलाच निर्णय घ्यावा लागत नाही.

मडगावचा_दिनू

हाफबॅककाका, हिदेगकुटीचा मुद्दा मान्य. पण दोन स्ट्रायकरमधला एक डीप-लाइंग फॉरवर्ड ठेवला तर तोही तेच करतो ना? माझ्याकडे तो मागे येतो आणि दुसरा मागच्या जागेत पळतो. मधल्या सेंटर बॅकला निर्णय घ्यावाच लागतो.

आणि धागाकर्त्यांच्या मूळ तर्काबद्दल. चेंडू नसतानाची मांडणी आणि आक्रमण यांचा संबंध नाही असं ते धरून चालतात. संबंध आहे. बसलेला संघ फक्त एका क्षणी विस्कटलेला असतो: चेंडू त्यांनी जिंकला, दोन पावलं पुढे आले आणि आपण तो परत हिसकावला. तो कुठे हिसकावला जातो हे आपली माणसं चेंडू नसताना कुठे उभी आहेत यावरच ठरतं. माझे दोन स्ट्रायकर त्यांच्या सेंटर बॅकच्या अंगावर असतात, तुमचा एकटा असतो.

कोपऱ्यावरचा_झेंडा

दिनू, हा या धाग्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे. पण ५-४-१ वाले मागून पास देत बाहेर येतच नाहीत, ते सरळ उचलून मारतात. तुमचे दोन स्ट्रायकर कुणाला प्रेस करणार? चेंडू त्यांच्या डोक्यावरून जातो आणि मध्यरेषेच्या अलीकडे पडतो. तिथे माझे दोन डिफेन्सिव्ह मिडफिल्डर उभे असतात. तो दुसरा चेंडू माझा. ती जोडी मोडायची नाही म्हणूनच मी ४-२-३-१ सोडत नाही.

फॅमिलिॲरिटीचाही (संघाला टॅक्टिकची किती सवय आहे त्याचा) विचार करा. सीझनच्या मध्यात आकृती बदलली की ती खाली येते, आणि खेळाडू नव्या जागेवर नॅचरल व्हायला महिने जातात. अडकलेल्या संघाला महिने कुठून द्यायचे?

मडगावचा_दिनू

त्यासाठी तीन टॅक्टिक्सचे स्लॉट दिलेत की! प्री-सीझनपासून दोन्ही आकृत्यांचा सराव ठेवा, मग सीझनच्या मध्यात काही नवं वाटत नाही.

रात्रपाळी_नाशिक

थोडं विषयाच्या कडेचं, पण महत्त्वाचं. एफएम २५ फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एफएम २६ आला. त्यात चेंडू असतानाची आणि नसतानाची अशी दोन वेगळी फॉर्मेशन्स लावता येतात, आणि जुन्या ड्यूटी काढून टाकल्यात. म्हणजे नसताना ४-२-३-१, असताना ३-१-६ हे सरळ बोर्डावर मांडता येतं. धागाकर्ते रोलच्या आडून जे करतायत ते तिथे उघड करता येतं. पण दिनूंचा प्रश्न तिथेही सुटत नाही, कारण एका आकृतीतून दुसरीत जायला पळावं माणसालाच लागतं. फुलबॅकला सेंटर बॅक म्हणून लिहिलं म्हणून त्याची उंची वाढत नाही.

सांताक्रूझ_ईस्ट

माझा प्रश्न अजून तसाच आहे. व्होलांटे कोण?

कोपऱ्यावरचा_झेंडा

भारतीय मिडफिल्डर आहे, मूळचा बॉक्स-टू-बॉक्स. ऑफ द बॉल १३, फिनिशिंग ११, वर्क रेट १५, स्टॅमिना १२. परदेशी जागा न वापरता मिळालेला, म्हणून तर ती मांडणी सुचली. दिनूंच्या हिशेबातला एक परदेशी यामुळे माझाही वाचतो, त्या जागी आता डावा इनसाइड फॉरवर्ड परदेशी आहे.

मडगावचा_दिनू

स्टॅमिना १२ आणि अटॅक ड्यूटीवरचा व्होलांटे? आठवड्यात दोन मॅच आल्या की सत्तराव्या मिनिटाला तो वर गेलेला परत येणार नाही. मग मागे तीन, पुढे एक मिडफिल्डर, आणि त्यांचा स्ट्रायकर तुमच्या त्या फुलबॅकवर. मी समोरचा मॅनेजर असतो तर साठ मिनिटं ०-० धरून त्याच वेळेची वाट पाहिली असती.

कोपऱ्यावरचा_झेंडा

पाच बदल करता येतात. साठाव्या मिनिटाला त्याला काढून ताज्या पायांचा आणतो. आघाडी असेल तर त्याच जागेवर बॉल-विनिंग मिडफिल्डर, डिफेंडवर. तो फुलबॅक मात्र जानेवारीच्या विंडोत बदलतो, तिथे उंच माणूस हवा हे पटलं. सेंटर बॅक आणि राइट बॅक दोन्ही खेळणारा, जंपिंग रीच १४ च्या वर असा कुणी भारतीय तुमच्या शॉर्टलिस्टमध्ये असेल तर कळवा.