मदत हवी आहे: एकाच डब्यातल्या तीन चाकूंना गंज, बाकीचे स्वच्छ. असं का व्हावं?

नमस्कार मंडळी,

घडीचे चाकू आणि मल्टिटूल जमवायला लागून मला नऊ वर्षं झाली. एखादा अडकलेला, मळलेला चाकू आणायचा, हळूहळू मोकळा करायचा, धार लावायची आणि तेल देऊन ठेवायचा, यात सुट्टीचा दिवस कसा सरतो कळत नाही. गंजाशी आजवर बऱ्याचदा गाठ पडली आहे. पण या वेळी जे झालं त्याचा काही केल्या उलगडा होत नाही.

माझे अकरा चाकू एका पत्र्याच्या डब्यात, कापडावर ओळीने ठेवलेले असतात. झाकण घट्ट बसतं. चार महिन्यांपूर्वी सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच बाटलीतलं मिनरल ऑइल लावलं होतं. परवा डबा उघडला तर मधल्या तीन चाकूंवर गंज आणि दोन्ही टोकांचे अगदी ठेवले तसे.

त्या तिघांतला एक ओपिनेल (फ्रेंच बनावटीचा घडीचा चाकू) आहे, ८ नंबरचा, कार्बन स्टीलचा. मिटल्यावर पात्याची जी पाठ मुठीबाहेर राहते, तेवढ्याच भागावर विटकरी थर चढलाय. दुसरा माझा जुना लेदरमन पीएसटी, म्हणजे पकड असलेलं मल्टिटूल. तो स्टेनलेस, तरी पकडीच्या सांध्याजवळ तपकिरी ठिपके. आणि या दोघांच्या बरोबर मध्ये होता माझा सगळ्यात लाडका दोन पात्यांचा चाकू. त्याची अवस्था सर्वांत वाईट आहे.

त्याची मूठ मधाच्या रंगाची, आत कासवाच्या पाठीसारखे गडद डाग. उजेडात धरली की कडेने प्रकाश आरपार येतो. ही मूठ पाहूनच मी तो घेतला होता. आता रिव्हेटच्या भोवती केसासारख्या बारीक चिरा पडल्यात, मुठीखालच्या पितळी पट्ट्यांवर हिरवा थर आलाय आणि मोठ्या पात्यावर नखाला लागतील असे खड्डे पडलेत. डबा उघडल्या उघडल्या एक उग्र वास आला, कापरासारखा, पण नाकात झोंबणारा.

पात्याच्या बुडाशी असलेला बनवणाऱ्याचा शिक्का अजून वाचता येतो आणि तो मला कोणत्याही परिस्थितीत गमवायचा नाही. म्हणून पॉलिश पेपरला हात लावलेला नाही. व्हिनेगरचीही हिंमत होत नाही. मागे एक पातं रात्रभर त्यात ठेवलं होतं, ते सकाळी करडं आणि खरखरीत निघालं.

तेलात काही दोष असेल का? की कापडाला ओल धरली होती? पण मग टोकांचे चाकू कसे वाचले? कारण कळल्याशिवाय साफसफाईला सुरुवात करावीशी वाटत नाही. माझ्या इतर चाकूंत लाल मुठीचे तीन व्हिक्टोरिनॉक्सही (स्विस आर्मी चाकू) आहेत, त्यांचीही काळजी वाटते.

प्रतिसाद १

तेल आणि कापड दोन्ही निर्दोष आहेत. गंज पसरवणारा तुमचा तो लाडका चाकूच आहे. वाईट वाटेल, पण आजच त्याला डब्यातून बाहेर काढा, बाकीचं नंतर वाचा.

तुम्ही वर्णन केलेली मूठ सेल्युलॉइडची दिसते. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर मिसळून बनवलेलं हे प्लॅस्टिक. अमेरिकेत जॉन वेस्ली हयट यांनी १८७० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. हस्तिदंत आणि कासवाची पाठ यांची नक्कल त्यात हुबेहूब जमायची, म्हणून चाकूंच्या मुठींसाठी ते खूप वापरलं गेलं. सिनेमाच्या जुन्या फिती याच जातीच्या. वय झालं की ते आतून विघटित होऊ लागतं आणि नायट्रोजन ऑक्साइड वायू सोडतं. हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्याचं नायट्रिक आम्ल होतं. मग आधी स्वतःची पाती आणि पितळ खातं, नंतर शेजाऱ्यांची. टोकांचे चाकू लांब होते म्हणून आतापर्यंत वाचले, एवढंच. स्टेनलेसवरचा क्रोमियम ऑक्साइडचा थर गंज लांबवतो, पण आम्लाच्या वाफेपुढे तोही कायम टिकत नाही.

घट्ट झाकणाने घात केला. वायू कोंडला की विघटन आणखी वेग घेतं, म्हणजे जितकं जपून बंद कराल तितकी मूठ लवकर जाते. असे चाकू थंड, कोरड्या, अंधाऱ्या आणि हवा खेळती राहील अशा जागी एकेकटे ठेवायचे. एकदा चिरा पडून वास सुटला की ते थांबवायचा उपाय माझ्या तरी पाहण्यात नाही.

खात्री करायची तर मुठीवर अंगठा जोरात घासा, ऊब आली की कापराचा वास येईल. गरम सुईची किंवा काडीची परीक्षा कोणी सुचवली तर मुळीच करू नका, हे भडकन पेटतं. त्याच कारणाने बफिंगचं यंत्रही या चाकूजवळ नको.

लाल व्हिक्टोरिनॉक्सची चिंता सोडा. त्यांची मूठ सहसा सेलिडॉर नावाच्या प्लॅस्टिकची असते. नाव सारखं वाटलं तरी पदार्थ वेगळा, त्यात नायट्रोसेल्युलोज नाही.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. साफसफाईबद्दल थोडं माझ्याकडून.

घासण्याआधी आम्ल मारा. खायचा सोडा पाण्यात विरघळवून ओपिनेलचं पातं आणि पीएसटी पुसून घ्या, स्वच्छ पाण्याने पुसा, सांध्यातला ओलावा हेअर ड्रायरच्या कोमट झोताने घालवा. सेल्युलॉइडच्या चाकूला मात्र ड्रायर अजिबात नको. त्याची पाती ओल्या कापडाने पुसून लगेच कोरडी करा.

गंजासाठी मिनरल ऑइल आणि चार शून्यांची (0000, सर्वांत बारीक) स्टील वूल. तेलात भिजवून हलक्या हाताने, पात्याच्या लांबीच्या दिशेने. शिक्क्यावर स्टील वूलही नको. तिथे तेल टाकून दोन दिवस थांबा आणि टूथपिकने अक्षरांतला गंज उकरा. वेळ लागतो, पण अक्षरांच्या कडा शाबूत राहतात.

लाल गंज आणि काळपट पॅटिना यांत गल्लत करू नका. लाल थर पोखरत जातो. काळा थर घट्ट बसतो आणि खालच्या पोलादाला थोडंफार राखतो. ओपिनेलवर काळपट डाग उरले तर राहू द्या. खड्डे काढायच्या मागे लागाल तर पातं पातळ होईल, शिक्का जाईल आणि हाती चकचकीत पण हरवलेला चाकू येईल.

प्रतिसाद ३

मूठ बदलायची घाई करू नये असं माझं मत. ती मूठ म्हणजेच तो चाकू. वेगळा ठेवा, महिन्यातून एकदा पाती बघा, जमेल तितकी वर्षं टिकवा.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. अंगठ्याने घासलं आणि तोच वास आला. तरी मन मानेना, म्हणून निळ्या लिटमस कागदाचा तुकडा जरा ओला करून तो चाकू आणि कागद एका उपड्या काचेच्या ग्लासाखाली ठेवले, एकमेकांना न चिकटता. दुसरा तुकडा एकटाच दुसऱ्या ग्लासाखाली. सकाळी दुसरा निळाच होता आणि चाकूशेजारचा लाल, मुठीकडच्या कडेला सर्वांत गडद.

ओपिनेल आणि पीएसटी सोड्याने पुसून, सुकवून, तेल देऊन झाले. पीएसटीचे ठिपके पूर्ण गेले. ओपिनेलच्या पाठीवर करडी सावली उरली आहे, ती राहू देतो. डब्यातलं कापड टाकून दिलं आणि डबाही सोड्याच्या पाण्याने धुतला.

प्रतिसाद ३ मधलं म्हणणं मला मनापासून पटलं होतं, पण काल छोटं पातं उघडताना एका चिरेतून मुठीचा कपचा निघाला. आता मूठ ठेवली तर पाती जातील. म्हणून सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवले आणि मूठ उतरवायचं ठरवलं. नवी मूठ हाडाची करावी असा विचार आहे, त्याच जाडीची.

आता अडलंय ते रिव्हेटपाशी. ड्रिल लावलं तर उष्णतेची भीती आहे, शिवाय पितळी पट्ट्यांची भोकं मोठी होतील. रिव्हेटचं डोकं कानशीने हातानेच घासून, मग पंचाने हलकेच ठोकून बाहेर काढणं कोणी केलंय का? पाठीची स्प्रिंग ताणलेली असताना ते करावं की पातं अर्धं उघडून?