मदत हवी आहे: तारीख लिहावी की तिथी? (ज्यू स्त्रियांच्या इतिहासाचा फलक)

नमस्कार मंडळी,

ठाण्यातल्या आमच्या वाचनालयात यंदा मार्चपासून वर्षभर एक फलक चालवायचाय. ज्यू स्त्रियांच्या इतिहासात ज्या दिवशी काही घडलं, त्या दिवशी त्याचं हाताने लिहिलेलं कार्ड लावायचं. मजकूर मी गोळा करतेय, पण काही ठिकाणी अडलेय.

सगळ्यात जीव गुंतलाय तो २५ मार्च १९११ मध्ये. न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट (बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या) कारखान्याला शनिवारी संध्याकाळी, सुट्टी व्हायच्या सुमारास आग लागली. आठवा, नववा, दहावा मजला. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद होतं आणि बंबाची शिडी जेमतेम सहाव्या मजल्यापर्यंत पोचत होती. १४६ जण गेले. त्यात १२३ बाया-मुली, बहुतेक पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू आणि इटालियन. काही तर १४ वर्षांच्या. याच कारखान्यातल्या कित्येक जणी दीड वर्षापूर्वीच्या मोठ्या संपात होत्या. २२ नोव्हेंबर १९०९ च्या सभेत पुढाऱ्यांची भाषणं लांबत गेली, तेव्हा २३ वर्षांची क्लारा लेमलिच उठली आणि यिद्दिशमध्ये (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) म्हणाली, बोलणं पुरे, संप करू. तिचं कार्ड नोव्हेंबरात लागेल.

१८ मार्च १९२२ ला न्यूयॉर्कमध्ये ज्युडिथ कॅप्लन या १२ वर्षांच्या मुलीची बात मित्झ्वा (मुलगी धर्माच्या दृष्टीने सज्ञान झाल्याचा ज्यू विधी) झाली. अमेरिकेतली पहिली म्हणून ती ओळखली जाते. तिने तोराह (ज्यूंचा धर्मग्रंथ) वाचली, पण मूळ गुंडाळीतून नाही, छापील पुस्तकातून, आणि गुंडाळीपासून लांब उभं राहून. हे कार्ड लिहिताना माझा हात थांबला होता. १७ मार्च १९६९, गोल्डा मेयर इस्रायलच्या पंतप्रधान, हे सोपं आहे.

अडचण १: २५ मार्चच लिहायचं की हिब्रू (ज्यू पंचांगातली) तिथीही? माझ्या हिशेबाने ती २५ अदार ५६७१ येते. बरोबर आहे का?

अडचण २: रेगिना योनास. २७ डिसेंबर १९३५ ला जर्मनीत ज्यू धर्मगुरूपदाची दीक्षा मिळालेली जगातली पहिली स्त्री. १९४४ मध्ये ऑशविट्झला तिला मारलं. तिची कागदपत्रं १९९१ मध्ये बर्लिनच्या एका अभिलेखागारात पुढे आली, तोवर १९७२ ची अमेरिकन सॅली प्रीसँड जगातली पहिली असं लोक धरून चालत. रेगिनाला मराठीत काय म्हणू? ‘रब्बी’ (म्हणजे ज्यू धर्मगुरू) लिहिलं की मुलं गहू-हरभऱ्याचा हंगाम समजतात.

अडचण ३: बेने इस्रायली (कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू) बायांमधून माझ्याकडे फक्त डॉ. जेरुशा झिराड आहेत (कामा हॉस्पिटलच्या प्रमुख, पद्मश्री १९६६). आणखी कोण?

प्रतिसाद

ताई, आम्ही बेने इस्रायल, मूळचे अलिबागकडचे. तिथी बरोबर आहे. फक्त लक्षात ठेवा, आमचा दिवस सूर्यास्ताला बदलतो. आग पावणेपाचच्या सुमारास लागली म्हणून २५ अदार. अंधार पडल्यावर लागली असती तर २६ अदार लिहावी लागली असती. दोन्ही लिहा.

अदार म्हणजे साधारण आपला फाल्गुन. म्हणूनच अदारातल्या आमच्या पुरीम सणाला आमच्या आजीच्या तोंडी ‘होळीचा सण’ असायचं. तुमच्या अधिक मासासारखा आमच्यातही १९ वर्षांत ७ वेळा महिना वाढतो, पण वाढतो तो नेहमी अदारच. अशा वर्षी पुण्यतिथी कुठल्या अदारात, यावर रिवाज वेगळे: अश्कनाझी (पूर्व युरोपाकडचे ज्यू) बहुतेक पहिल्यात, सेफार्दी (मूळ स्पेनकडचे) दुसऱ्यात. म्हणून कार्ड इंग्रजी तारखेला लावा आणि तिथी खाली लिहा, म्हणजे घोळ होणार नाही.

रेगिनासाठी ‘ज्यू धर्मगुरू झाली’ लिहा. ‘झाली’मध्येच सगळं आलं.

तिसऱ्याचं आईला विचारून सांगतो. तिच्या ट्रंकेत जुने अंक आहेत.

धागाकर्ती

फार आभार! आईंना नमस्कार सांगा. अंक बघायला मी घरी येऊ शकते.

आणखी एक. न्यूयॉर्कमध्ये दरवर्षी २५ मार्चला त्या मुली जिथे राहायच्या त्या घरांपुढे फुटपाथवर खडूने त्यांची नावं आणि वयं लिहितात. आम्हीही वाचनालयाच्या अंगणात १४६ नावं लिहिणार आहोत. यिद्दिश आणि इटालियन नावांचे उच्चार देवनागरीत तपासून देणारं कुणी आहे का? २० मार्चपर्यंत मिळाले तर मुलांकडून आधी एकदा पाटीवर गिरवून घेता येतील.