जुन्या घराचा प्लॅन हवामान ठरवतं की चालीरीती?

प्रश्न: घर ऊन-पावसाप्रमाणे बांधतात असं सगळे सांगतात, मग एकाच हवामानात दोन समाजांची घरं एवढी वेगळी कशी काय?

उत्तर १: छपराचं ठीक आहे हो, पण आतलं माणसंच ठरवतात. इराणमधल्या यझ्दची जुनी घरं बघा, पाहुण्यांचा भाग वेगळा, घरच्यांचा वेगळा, आणि दारावर पुरुषांसाठी जड ठोकळा, बायकांसाठी हलकी कडी, म्हणजे आवाजावरनंच कळायचं कोण आलंय आणि दार कुणी उघडायचं.

उत्तर २: इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या मिनांगकाबाऊ लोकांत घर आईकडून मुलीकडे जातं, म्हणून लग्न झालेल्या मुलींना खोल्या. पोरांना नाहीच, ते पूर्वी लहानपणापासूनच गावच्या प्रार्थनाघरात झोपायला जायचे 😄

उत्तर ३: मंगोल तंबूत तर आत खोल्यांच्या भिंतीच नाहीत, तरी पश्चिम बाजू पुरुषांची, पूर्व बायकांची!