पाद्रीपण गाळून किंग शिकवायचे?

तापीकाठ (जळगाव):
परवा एका भाऊंनी लिहिलं, 'पाचवीच्या पोरांना अमेरिकेत काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेले पाद्री मार्टिन ल्यूथर किंग, दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढलेले बिशप टुटू, पंडिता रमाबाई जरूर शिकवा, पण ख्रिस्ती मूल्यं वगैरे गाळून. नुसते हक्क सांगा.' तेव्हापासून डोकं फिरलंय. गाळून उरतं काय? अमेरिकेतलं माँटगोमेरी शहर घ्या. १ डिसेंबर १९५५ ला बसमधली जागा गोऱ्याला दिली नाही म्हणून रोझा पार्क्सना अटक झाली, ५ तारखेला किंगच्या नेतृत्वाखाली काळ्यांचा बसवर बहिष्कार सुरू झाला आणि ३८१ दिवस चालला. तेवढे दिवस लोक कामावर कसे पोचले? सभा चर्चमध्ये, वर्गणी चर्चमध्ये, गाड्यासुद्धा चर्चच्या नावावर. फळ्यावर घर, थांबा, गाडी, कामाची जागा असं काढा आणि मग चर्च पुसून बघा. गाडीच जाते.

अमळनेरचे साने गुरुजी मे १९४७ मध्ये दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी पंढरपूरला उपोषणाला बसले, ते आपण विठ्ठल गाळून शिकवतो का? मग किंगनाच वेगळा न्याय का?

जुनाफळा (धुळे):
भाऊ, कलम २८ वाचलंत का? पूर्ण सरकारी खर्चाच्या शाळेत धर्मशिक्षण चालत नाही. अनुदानित असेल तर पालकांची संमती लागते. झेडपीच्या परिपाठात सुविचार म्हणून बायबलचं वचन लावा, संध्याकाळी पारावर तोच विषय असेल.

आणि ख्रिस्ती मूल्य म्हणजे नेमकं कुणाचं? किंगनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून पत्र लिहिलं ते त्यांच्या आंदोलनाला नावं ठेवणाऱ्या आठ धर्मगुरूंना, त्यातले सात ख्रिस्तीच. दक्षिण आफ्रिकेत डच रिफॉर्म्ड चर्च वर्षानुवर्षं वर्णभेदाच्या पाठीशी उभं होतं. रमाबाईंनी विधवा-मुलींसाठी काढलेलं शारदा सदन सांगाल, मग १८९३ साली धर्मांतराच्या वादात रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या, तेही सांगणार ना? की तिथे खडू संपतो?

तापीकाठ:
कलम मलाही येतं. धर्म शिकवणं वेगळं, धर्माविषयी शिकवणं वेगळं. अरुणा रॉय खटल्यात २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलंय. आठ धर्मगुरूंचा मुद्दा मात्र दिला तुम्हाला. उलट धडा तिथूनच सुरू करा: पुस्तक एकच, बाजू दोन. आणि १८९३ सुद्धा सांगा, माझी ना नाही.

भरीतपुरी (यावल):
तुमचं चालू द्या. खरा घात केलाय भाषण स्पर्धांनी. १० डिसेंबर, मानवी हक्क दिन, आला की 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' सुरू. किंग म्हणजे स्वप्न पाहणारे गोड गृहस्थ! ते स्वप्नाचं भाषण जिथे झालं तो २८ ऑगस्ट १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा नोकऱ्या आणि स्वातंत्र्यासाठी होता. १९६८ मध्ये मेम्फिसला गेले ते सफाई कामगारांच्या संपासाठी आणि तिथेच मारले गेले. 'संप' हा शब्द एका तरी भाषणात ऐकलाय?

सातपुडा पायथा (शहादा):
भाषणापेक्षा गोष्ट बरी. बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची घ्या, किंगनी शेवटच्या भाषणात तीच घेतली होती. पण आपल्याकडे ती 'जखमीला मदत करा' एवढ्यावर आटपतात. वाटेत लुटलेला माणूस जखमी पडलाय; याजक म्हणजे पुजारी बघून पलीकडून गेला, लेवी म्हणजे देवळातला सेवकही गेला. थांबला तो यहुदी लोक ज्याला जवळ करत नसत असा शोमरोनी. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, स्वतःच्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, दोन दिनार म्हणजे दोन दिवसांची मजुरी मोजली, वर लागले तर परतताना देईन म्हणाला. शोमरोनी कोण हेच सांगितलं नाही, तर उरतो फक्त प्रथमोपचार.

जुनाफळा:
शोमरोनी कोण म्हणजे? वर्गात जातीचं नाव घेणार? त्या समाजाचं एकच पोर बसलेलं असतं. सगळ्या माना तिकडे वळतात आणि मधल्या सुट्टीत त्याचं नावच शोमरोनी पडतं. एवढं कळत नसेल तर शिकवू नका.

सातपुडा पायथा:
आवाज खाली, सर. नाव घ्या म्हटलंच नाही मी. पोराला शोमरोनी करायचंच नाही, जखमी करायचं. 'तू रस्त्यात पडला आहेस. कुणी हात दिला तर तुला नको वाटेल? सांगू नकोस, मनात ठेव.' एवढं विचारून दोन मिनिटं गप्प बसा. हात वर करायला लावू नका, वहीत लिहून घेऊ नका. लिहिलं की वही घरी जाते, आणि मग पालक शाळेत.

तापीकाठ:
वा ताई. त्यालाच जोडून 'दुसरा गाल' घ्या. तो नुसता सांगितला तर रोज मार खाणाऱ्या पोराला गप्प बस म्हटल्यासारखं होतं. किंगचे सहकारी पाद्री जेम्स लॉसन १९५३ ते ५६ नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. नंतर नॅशव्हिलला त्यांनी विद्यार्थ्यांची तालीम घेतली: एकाने बसायचं, दुसऱ्याने शिव्या द्यायच्या, ढकलायचं, बसणाऱ्याने हात उचलायचा नाही. १९६० मध्ये तीच पोरं दुकानांतल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या खाण्याच्या काउंटरवर ठरवून जाऊन बसली. मार चुकवता येत नाही म्हणून सोसणं वेगळं, हे वेगळं. वर्गात ढकलाढकली नको, नुसते संवाद पुरेत.

जुनाफळा:
बरं बाबा, राहू द्या तुमचा शोमरोनी. पण परिपाठात नाही, इतिहासाच्या तासाला. आणि डच रिफॉर्म्ड त्याच तासाला, 'वेळ उरल्यास' नव्हे.

भरीतपुरी:
आणि भाषण स्पर्धेचं काय ठरलं?