पाण्याचा ताळेबंद आणि ग्रामसभा

हवामान बदलाचा प्रश्न जागतिक असल्यामुळे गावपातळीवर करण्यासारखे फारसे काही उरत नाही, असे मत अनेकदा मांडले जाते. कर्ब उत्सर्जनापुरते ते मान्य करता येईल. परंतु लहरी पावसाला तोंड देण्याची वेळ येते तेव्हा निर्णय गावालाच घ्यावे लागतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या पर्जन्यछायेतील गावात १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदानातून समतल चर (पाणी जिरवण्यासाठी उताराला आडवे खणलेले) अशी कामे झाली, हे बहुतेकांना ठाऊक आहे. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो तेथील पाण्याचा ताळेबंद. पर्जन्यमापकाच्या नोंदी आणि निरीक्षण विहिरींची पातळी यांवरून उपलब्ध पाणी काढले जाते, त्यातून माणसांचे व जनावरांचे पाणी आधी वजा होते आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची, हे ग्रामसभेत ठरते. शेतीसाठी बोअरवेल नाही. ऊस आणि केळीही नाही. (एरवी जलसंधारणाच्या कामांचे फोटो भरपूर निघतात, उपशाचा हिशेब मागितला की सभेची गणसंख्या भरत नाही.) चर खणण्यात कोणाचे काही जात नाही, म्हणून ते सर्वांना मान्य होते, खरी कसोटी लागते ती शेजाऱ्याच्या बोअरवर बंधन घालताना. हे सारे एका नेत्यावर उभे आहे, हा आक्षेप काही अंशी रास्त आहे, तरी पर्जन्यमापक बसवून त्याचे आकडे ग्रामसभेत वाचण्यासाठी कोणत्याही गावाला दुसऱ्या पोपटरावांची वाट पाहावी लागत नाही.