‘मंदावणे’: गाडी मंदावते की कुणी मंदावतं?

मंडळी, कळव्याहून विचारतेय. लेकीने निबंधात लिहिलं, ‘ठाणे जवळ येताच मोटरमनने लोकल मंदावली.’ मला वाक्य खटकलं, पण कारण सांगता येईना. चूक नेमकी कुठे आहे?

– ताई, तुमचा कान बरोबर आहे. मंदावणे हे अकर्मक क्रियापद. मुलुंड सुटलं की दारात गर्दी सरसावते, मग ठाण्याचा फलाट यायच्या आत गाडीचा वेग मंदावतो. आपोआप घडल्यासारखा. मोटरमन मात्र गाडी ‘हळू करतो’, वेग ‘कमी करतो’.

देव्हाऱ्यातली समई बघा. तेल संपत आलं की ज्योत मंदावते. तीच वात आपण मागे ओढली, तर ‘ज्योत बारीक केली’ म्हणतो, ‘मंदावली’ कुणी म्हणत नाही. दूध उतू जायला लागलं की गॅसही आपण मंद करतो, मंदावत नाही.

लेकीला दोष देऊ नका, कारण ‘-आवणे’ची क्रियापदं फसवतात. पाय दुखावतो आणि माणूस माणसालाही दुखावतो. दर्जा उंचावतो, तसा हातही उंचावता येतो. मंदावणे, थंडावणे, स्थिरावणे यांना मात्र कर्म चालत नाही.

मुळात ‘मंद’ म्हणजे हळू. शनीला सूर्याभोवती एका फेरीला सुमारे 29.5 वर्षं लागतात, म्हणून त्याचंही एक नाव मंद. जुन्या मराठी पत्रांत शनिवारला ‘मंदवार’ म्हटलेलं सापडतं. मला हा शब्द फार आवडतो.

आणखी एक. सिग्नल मिळाला नाही म्हणून गाडी थांबून राहिली, तर ती ‘रखडली’. पूर ‘ओसरतो’, कारण चढलेलं पाणी मागे हटतं. आंदोलन ‘थंडावतं’, आधी ते तापलेलं असतं.

– पण मग ‘पावसाने घोडबंदर रोडवरची वाहतूक मंदावली’ हे कसं चालतं? तिथेही ‘ने’ आहेच की!

– छान पकडलंत. तिथे ‘पावसाने’ म्हणजे ‘पावसामुळे’. मंदावणारी वाहतूकच, पाऊस नुसतं कारण. वर्तमानकाळात म्हणून बघा: ‘पावसाने वाहतूक मंदावते’ सहज जमतं, ‘मोटरमन लोकल मंदावतो’ जिभेवर अडतं. लेकीला एवढंच लिहू द्या: ‘मोटरमनने ब्रेक लावला आणि लोकलचा वेग मंदावला.’