मुंबई-गोवा क्रूझ: दोन ऑफरींपैकी खरंच स्वस्त कुठली? शुक्रवारपर्यंत ठरवायचंय

भाट्येकर
मदत हवी आहे, आणि लवकर हवी आहे. आम्ही रत्नागिरीचे, घरच्यांना घेऊन क्रूझला जायचं नक्की झालंय. दोन कंपन्यांच्या ऑफरी समोर आहेत आणि दोन्हींची मुदत शुक्रवारी रात्री संपते.

पहिली: केबिनमधल्या दुसऱ्या प्रवाशाला निम्मं भाडं, मुलं फुकट.
दुसरी: सगळ्यांना सरसकट ३० टक्के सूट, वर केबिनमागे ५,००० रुपयांचं ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावरच खर्चायची रक्कम.

एजंट म्हणतो पहिली घ्या, बायको म्हणते दुसरी. सिंगापूरहून निघणारी एक तिसरीही आलीय, "६० टक्क्यांपर्यंत सूट" अशी. कुठली घेऊ? दोन्ही चांगल्या आहेत असं कृपया कोणी सांगू नका, एकच सांगा.

हिशोबनीस
माणसं किती? मुलांची वयं काय? मूळ भाडं किती? टक्के कशावर ते कळल्याशिवाय कोणी कसं सांगणार?

समुद्रवेडा
डोळे झाकून पहिली घ्या. दुसऱ्याला निम्मं आणि मुलं फुकट म्हणजे चौघांचं कुटुंब दीड तिकिटात. आम्ही अशाच ऑफरवर गेलो होतो, खूप मजा आली. जेवण तर विचारू नका.

वेंगुर्लेकर_काका
मी काय म्हणतंय, इतके पैशे मोजून बोटीत बसान गोव्याक कित्याक जातास? तारकर्लीक येवा. कर्लीच्या खाडीकाठी रवा, ताजा म्हावरा खावा.

भाट्येकर
काका, आई-बाबांना मोठ्या जहाजातच बसायचंय, ते ठरलंय.
सहा जण आहोत. बाबा ७१, आई ६६, मी, बायको, मुलगी १३, मुलगा ६. मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्री. पहिलीचं भाडं दरडोई ३०,०००, दुसरीचं २८,०००. आता सांगा.

हिशोबनीस
अजून नाही सांगता येत. "मुलं फुकट" म्हणजे किती वर्षांपर्यंत? पोर्ट चार्ज आणि सर्व्हिस चार्ज भाड्यात आहेत की वेगळे? दोन्हीकडे केबिन एकाच प्रकारची आहे का? आणि प्रवास कधीचा?

गॅलीवाला
मी क्रूझ जहाजांच्या किचनमध्ये नोकरी केलीय म्हणून सांगतो. जाहिरातीत "फुकट" असतं ते फक्त भाडं. बंदराचे पैसे माणशी लागतात, ते कडेवरच्या पोरालाही चुकत नाहीत. सर्व्हिस चार्जही बहुतेक कंपन्या माणशी, रात्रीच्या हिशोबाने लावतात. छोट्या सफरींत तर पुष्कळदा भाड्यापेक्षा हे वरचे आकडेच ठरवतात स्वस्त काय आणि महाग काय. एजंटकडून पूर्ण कोटेशन लेखी घ्या.

पासपोर्टमित्र
लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो हे लक्षात ठेवा. पुष्कळ लोक मोठ्यांची मुदत बघतात आणि मुलांची विसरतात. परदेश प्रवासाला सहसा किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते.

मालगुंडची_सून
पासपोर्टमित्र, ते गोव्याला चाललेत. भारतीयांना त्यासाठी पासपोर्ट कशाला? आधारसारखं सरकारी ओळखपत्र चालतं, मुलांचंही बरोबर असू द्या म्हणजे झालं.

भाट्येकर
फोन करून विचारलं.
पहिली: १२ वर्षांखालचं मूल फुकट. मुलगी तिसरी प्रवासी म्हणून १५,०००. पोर्ट चार्ज आणि सर्व्हिस चार्ज मिळून डोक्यामागे ६,००० वेगळे, मुलालासुद्धा.
दुसरी: हे दोन्ही चार्ज आत धरून २८,०००, सूट जाऊन कोटेशनवर दरडोई १९,६०० लिहिलंय. मुलांनाही तेवढेच.
जीएसटी दोन्हीकडे वेगळा. नोव्हेंबरात जायचंय, दिवाळीनंतर. केबिनचं विचारून सांगतो.

हिशोबनीस
आता मांडता येईल. जीएसटी सोडून बघू.

पहिली: आई-बाबांची केबिन ३०,००० आणि १५,०००, म्हणजे ४५,०००. तुमची दोघांची ४५,०००. मुलीचे १५,०००. झाले १,०५,०००. वरचे चार्ज सहा जणांचे ३६,०००. एकूण १,४१,०००.

दुसरी: १९,६०० गुणिले ६, एकूण १,१७,६००.

ज्या ऑफरीत मुलाला फुकट नेतात तीच २३,४०० रुपयांनी महाग पडतेय. क्रेडिटचे १०,००० मी मुद्दामच धरले नाहीत. ते पैसे जहाजावरच खर्चायचे असतात. उरले तर सहसा परत मिळत नाहीत, सफर संपली की तेही संपतात.

समुद्रवेडा
क्रेडिट का धरायचं नाही? वायफाय, गोव्यातली सहल, स्पा, सगळ्यावर चालतं. आणि सगळा हिशोब पैशातच? जहाज कसं आहे तेही बघा ना. माझा आग्रह पहिलीचाच.

हिशोबनीस
जे तुम्ही एरवी घेतलंच असतं त्यापुरतं धरा. क्रेडिट आहे म्हणून वायफाय घेतलं तर ती बचत नव्हे. जहाजाचं म्हणाल तर वयापेक्षा देखभाल महत्त्वाची. कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस जहाज १९९० पासून चालतंय, आधी ते रॉयल कॅरिबियनकडे होतं. जहाजाचं वय त्याच्या नावावरून कळत नाही, पण नुसत्या वयावरून नाकारूही नये.

वेंगुर्लेकर_काका
आता मराठीत लिहितो. आमच्या वेळी कोकण सेवक, कोकण शक्ती अशा बोटी भाऊच्या धक्क्यावरून सुटायच्या. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, पणजी. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून, म्हणजे होडीतून, किनाऱ्यावर यावं लागायचं. पेट्या, पोती, म्हाताऱ्या बायका, सगळं त्या पडावात. आता क्रूझ आपल्या याच किनाऱ्यासमोरून रात्रीची जाते आणि आपल्या एकाही बंदरात थांबत नाही. रत्नागिरीचा माणूस आधी मुंबईला जाणार आणि तिथून बोटीने रत्नागिरीवरूनच पुढे गोव्याला. याचं मला फार वाईट वाटतं.

मालगुंडची_सून
काका, पटलं. आमचे आजेसासरेही पडावाच्या गोष्टी सांगायचे. यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन.

डेकवरचा
नोव्हेंबर म्हणताय तर एक आठवण करून देतो. फयान चक्रीवादळ २००९ च्या नोव्हेंबरातच आलं होतं, रत्नागिरीकरांना सांगायला नको. पावसाळा संपला म्हणजे समुद्र शांत झाला असं धरून चालू नका. हवामानामुळे कंपनी मार्ग बदलू शकते, बंदर गाळू शकते, आणि अशा वेळी सहसा त्या बंदराचे चार्ज तेवढे परत मिळतात, भाडं नाही. घरात ७१ वर्षांचे वडील आहेत. रद्द केलं तर काय मिळतं आणि तारीख बदलता येते का, हे सवलतीच्या टक्क्यांआधी विचारा.

भाट्येकर
केबिनचं कळलं. पहिलीत समुद्राकडची खिडकी आहे, दुसरीत आतली, बिनखिडकीची. दुसरीत खिडकी हवी तर माणशी ४,००० जास्त.

हिशोबनीस
मग सगळं चित्रच बदललं. सहा जणांना खिडकी घेतली तर दुसरीत २४,००० वाढतात आणि १,४१,६०० होतात. पहिली १,४१,०००. फरक उरला ६०० रुपयांचा. म्हणूनच मी सुरुवातीला केबिन विचारली होती.

समुद्रवेडा
मी पहिल्यापासून तेच सांगतोय, पहिली!

मालगुंडची_सून
पण खिडकी सगळ्यांना कशाला हवी? तुम्ही आणि मुलं केबिनमध्ये झोपण्यापुरतेच असणार, दिवसभर डेकवर नाहीतर पोहण्याच्या तलावावर. आई-बाबा मात्र दुपारी पडतील, त्यांना खिडकी हवी. आई-बाबांना खिडकीची घ्या, तुम्ही आतली घ्या. माझ्या सासूबाईंना खिडकीशी बसून पाणी बघण्यातच सगळ्यात जास्त आनंद वाटला होता.

हिशोबनीस
ताई, हे उत्तम सुचवलंत. दुसरीत १,१७,६०० अधिक ८,०००, म्हणजे १,२५,६००.
भाट्येकर, पहिलीत आतल्या केबिनचा भाव काय तेही काढा. तुलना दोन्ही बाजूंनी व्हायला हवी.

सिंगापूरकर
कोणी सिंगापूरबद्दल बोलतच नाहीये. एवढे पैसे घालताच आहात तर मोठं जहाज बघा, मुलं आयुष्यभर लक्षात ठेवतील. आपल्याकडच्या बोटी त्यापुढे काहीच नाहीत.

हिशोबनीस
सहा जणांचं विमानभाडं, सहा व्हिसे, आदल्या रात्रीचं हॉटेल, कार्डावरचं परकी चलनाचं शुल्क, परदेशी पॅकेजवरचा टीसीएस, म्हणजे बुकिंग करतानाच घेतला जाणारा आगाऊ कर. टीसीएस विवरणपत्र भरताना जमा धरता येतो, पण आत्ता खिशातून जातोच. जहाज सिंगापूर सोडून परत तिथेच येतं, तेव्हा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा लागतो. "६० टक्क्यांपर्यंत" यातला "पर्यंत" हा एखाद्या रिकाम्या राहिलेल्या फेरीतल्या एखाद्या केबिनला लागू असतो. तुमच्या तारखेला किती, तेवढंच विचारा.

सिंगापूरकर
तुम्ही सगळंच वहीत मांडता. काही गोष्टी अनुभवाच्या असतात.

गॅलीवाला
भांडू नका, दोघांचंही खरं आहे. भाट्येकर, आई-बाबांची केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर मागा, तिथे हेलकावे कमी लागतात. "गॅरंटी" भावात केबिन नंबर कंपनी देते, निवड आपली नसते, तेव्हा तो भाव घेऊ नका. आणि चौघांच्या केबिनमध्ये दोन बिछाने वरचे असतात, भिंतीतून किंवा छतातून खाली येणारे. मुलं आनंदाने चढतील, मोठ्या माणसांना जमत नाही.

डेकवरचा
एक युक्ती. गोव्यातच उतरा आणि मडगावहून गाडी पकडून रत्नागिरीला या. मुंबईला परत जायची दगदग वाचेल.

गॅलीवाला
असं मधेच उतरायला आधी परवानगी लागते, आणि उरलेल्या प्रवासाचे पैसे मिळत नाहीत. एकतर्फी फेरी वेगळी विकत असतील तरच करा.

भाट्येकर
सगळं विचारून आलो.
पहिलीत आतली केबिन २४,०००, दुसऱ्याला निम्मं, मुलीला १२,०००. म्हणजे आमच्या केबिनचे ४८,०००, आई-बाबांचे खिडकीसह ४५,०००, वरचे चार्ज ३६,०००. एकूण १,२९,०००. दुसरी १,२५,६००.
पण पहिली भरली की रद्द करता येत नाही, एक रुपयाही परत नाही, तारीखही बदलत नाही. दुसरीत निघण्याच्या ३० दिवस आधीपर्यंत तारीख बदलून मिळते, दंड नाही. पहिली शुक्रवारी निघते, दुसरी सोमवारी. मुलीची शाळा बुडेल एवढंच.

हिशोबनीस
३,४०० रुपयांसाठी मी कोणाला दुसरी घ्या म्हटलं नसतं. पण तारीख बदलण्याची मुभा तुमच्या घराला खरोखर लागण्यासारखी आहे. दुसरी घ्या. क्रेडिट कुठे खर्च करायचं ते आत्ताच ठरवा. आणि ही ३० दिवसांची अट ईमेलवर मागून घ्या, फोनवरचं धरू नका.

समुद्रवेडा
शाळा बुडवून सोमवारी? मी तरी शुक्रवारचीच घेतली असती.

मालगुंडची_सून
सोमवारची असेल तर रविवारी रात्रीची कोकणकन्या बघा. पहाटे सीएसएमटीला उतरवते, क्रूझ सुटते तो बॅलार्ड पिअर तिथून जवळ, आणि चढायची वेळ बहुतेक दुपारची असते, म्हणजे हॉटेल वाचलं. फक्त आई-बाबांना सकाळचे तास बसायला जागा बघून ठेवा. परत येताना मांडवी आणि जनशताब्दी सकाळी निघून गेलेल्या असतात, तेव्हा रात्रीची कोकणकन्या किंवा एलटीटीहून नेत्रावती, सामान आवरून वेळेत पोचलात तर. तिकिटं क्रूझच्या पैशांबरोबरच काढा, दिवाळीच्या मागेपुढे मिळत नाहीत.

भाट्येकर
अट ईमेलवर आली. आत्ताच दुसरी बुक केली, आई-बाबांना मधल्या भागातली खिडकी मिळाली. क्रेडिटमधून आई-बाबांसाठी गोव्यातली सहल, तिथे गाडी करावीच लागली असती. सगळ्यांचे मनापासून आभार. आता कोकणकन्याचं आरक्षण बघतो.

पासपोर्टमित्र
पुढच्या वर्षी परदेशी जाणार असाल तर मुलांचे पासपोर्ट आत्ताच काढून ठेवा.